रेणूंची साक्ष आणि आपले माप

विद्यापीठाच्या गावाला पाहुण्या शास्त्रज्ञाची व्याख्याने ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. १९४९ साली स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ धारवाडात आहे. २०१६ पासून तेथे भारतीय तंत्रज्ञान संस्थाही आहे. हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५७ सालचे, आणि दोन्ही शहरांच्या मध्ये सत्तूर येथे दुसरे एक वैद्यकीय महाविद्यालय आहे. भौतिकी आणि वैद्यक ही दोन्ही शास्त्रे जेथे अशी शेजारी नांदतात, तेथे ‘रेणूंचे वर्णपट आणि रोगनिदान’ असा व्याख्यानविषय कानावर आला तर शिक्षकांचे कुतूहल जागे व्हावे हे स्वाभाविकच आहे. विद्यापीठाच्या टेकडीपासून केलगेरीचा तलाव फार दूर नाही. त्या तलावाकाठच्या शाळेतील शिक्षकाने असे व्याख्यान ऐकले, तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने मुलांना काय सांगावे, हा प्रश्न मनात ठेवून पुढील विवेचन केले आहे. प्रकाश रेणूंविषयी काय सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर कितपत विसंबावे, अशा दोन भागांत ते आपोआपच विभागले जाते.

आरंभी एका शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. कारण या सीमाभागात तो शब्द घोटाळा करतो. मराठीत आपण मूलद्रव्याच्या सूक्ष्मतम घटकास ‘अणू’ म्हणतो आणि अणूंच्या जुळणीने झालेल्या संघटनेस ‘रेणू’. कन्नडमध्ये मात्र ‘अणु’ म्हणजे आपला रेणू आणि ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, हिंदीतही तसेच. धारवाडच्या एखाद्या घरात थोरला मुलगा मराठी पुस्तक वाचत असेल आणि धाकटी कन्नड शाळेत जात असेल, तर एकाच शब्दाने दोघांच्या मनात दोन निराळे पदार्थ उभे राहतात. प्रस्तुत विषयात हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अणूचा वर्णपट आणि रेणूचा वर्णपट दिसतातही निरनिराळे. तापलेल्या वायुरूप अणूंचा प्रकाश लोलकातून पाहिला असता सुट्या तेजस्वी रेषा दिसतात. रेणूचा वर्णपट बहुधा पट्ट्यांचा असतो. कारण रेणूतील अणू एकमेकांच्या संदर्भात सतत कंप पावत असतात व सबंध रेणू स्वतःभोवती फिरतही असतो. या सगळ्या हालचालींच्या खुणा एकमेकींत मिसळून पट्टे तयार होतात.

अणूंच्या रेषा पाहण्यासाठी एक पाहुणा या प्रदेशात फार पूर्वी येऊन गेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. त्या वेळी त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यातील लेफ्टनंट जॉन हर्शेल हे वर्णपटदर्शक घेऊन पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात आले होते. ढगांनी पुष्कळ अडथळा केला. तरीही सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट त्यांना पाहावयास मिळाला आणि त्यात तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन रेषा आढळल्या. त्याच दिवशी गुंटूर येथे झान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानेही ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्यांपैकी नारिंगीकडे झुकणारी पिवळी रेषा सोडियमची नाही हे पुढे ठरले आणि तिच्यावरून हेलियम या मूलद्रव्याची कल्पना निघाली. पृथ्वीवर तो वायू सापडावयास १८९५ साल उजाडले. जमखिंडीला आलेल्या या हर्शेलांचे आजोबा म्हणजे, सूर्यप्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण आहेत हे १८०० साली दाखवून देणारे विल्यम हर्शेल. रेणूंच्या कंपनांचा अभ्यास आज प्रामुख्याने ज्या अवरक्त किरणांनी होतो, ते हेच किरण होत.

जमखिंडीच्या या हकिकतीत विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. उपकरण बाहेरून आले, निरीक्षण येथे झाले, आणि अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नाही; सूर्य सर्वांचा आहे, आणि त्याच्या रेषा जमखिंडीहून पाहिल्या काय किंवा गुंटूरहून पाहिल्या काय, त्या तेथल्या तेथेच उमटतात. मात्र निरीक्षणाचा विषय सूर्य नसून माणूस असेल, तर परिस्थिती तशीच राहते काय? या प्रश्नाकडे पुढे यावयाचे आहे.

वर्णपटाचा वैद्यकाशी संबंध आला तो प्रथम रक्ताच्या निमित्ताने. बंद मुठीखाली विजेरी धरून अंधारात पाहिल्यास बोटांच्या कडा लाल उजळतात, हे प्रत्येक मुलाने अनुभवलेले असते. हा लाल रंग विजेरीतच असतो. हिरवा व निळा भाग रक्तातील हीमोग्लोबिन हा रेणू शोषून घेतो आणि तांबडा भाग पलीकडे जाऊ देतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ होपे-झायलर यांनी १८६२ मध्ये विरळ केलेल्या रक्तातून प्रकाश नेऊन पाहिला, तेव्हा पिवळ्या-हिरव्या भागात त्यांना दोन काळे पट्टे दिसले. १८६४ मध्ये केंब्रिजच्या स्टोक्स यांनी त्याच द्रावातील ऑक्सिजन रासायनिक उपायाने काढून घेतला. तेव्हा दोन पट्ट्यांच्या जागी एकच रुंद पट्टा आला. द्राव हवेत घुसळताच दोन पट्टे पुन्हा प्रकटले. रक्त ऑक्सिजन वाहून नेते ही गोष्ट अशा रीतीने डोळ्यांनी दिसू लागली. बंद खोलीत शेगडीच्या धुराने गुदमरून मेलेल्या माणसाच्या रक्तात मात्र, ऑक्सिजन काढण्याचा तोच उपाय केला तरी दोन पट्टे जागचे हलत नाहीत. कारण कार्बन मोनॉक्साइडने हीमोग्लोबिनला घट्ट धरून ठेवलेले असते. मृत्यूचे कारण सांगणारी ही रेणूची साक्ष न्यायवैद्यकाने फार लवकर ओळखली.

याच तत्त्वावरील एक उपकरण २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांत घरोघरी पोहोचले. बोटाला चिमट्याप्रमाणे लावावयाच्या ऑक्सिमीटरमध्ये दोन बारीक दिवे असतात. एकाचा प्रकाश तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसऱ्याचा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन तांबडा प्रकाश अधिक शोषते, ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषते. पण बोटात रक्ताखेरीज कातडी, मांस, हाड हे सारेच प्रकाश अडवितात. मग रक्ताचा वाटा निराळा काढावयाचा कसा? निहोन कोडेन या जपानी कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याची युक्ती मांडली. नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक धमनीतील रक्त क्षणभर वाढते व कमी होते. बाकीचे सर्व स्थिर असते. म्हणून प्रकाशाचा जेवढा भाग ठोक्याबरोबर हेलकावे घेतो तेवढाच जमेस धरावा. आओयागी यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये झाले. त्यांची युक्ती त्या वेळी जगातील असंख्य रुग्णांच्या उशाशी होती.

रक्ताचे पट्टे नुसत्या डोळ्यांना दिसतात. शरीरातील बहुसंख्य रेणू मात्र रंगहीन आहेत. त्यांना बोलते करण्याचा मार्ग रामन यांनी दाखविला. १९२१ साली विलायतेहून परतताना त्यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली आणि ती नुसते आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंनीच प्रकाश प्रकीर्ण केल्यामुळे दिसते, असे प्रतिपादन केले. त्या विचाराचा पाठपुरावा करीत असता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास त्यांना व त्यांचे सहकारी कृष्णन् यांना असे आढळले की, द्रवातून प्रकीर्ण झालेल्या प्रकाशात मूळ रंगाबरोबर किंचित बदललेल्या रंगाचा प्रकाशही असतो. प्रकाशकणाने रेणूला कंपनासाठी थोडी ऊर्जा दिली की तेवढ्या प्रमाणात त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. हे सरकणे किती झाले यावरून रेणूत कोणते अणू कोणत्या बंधाने जोडलेले आहेत हे कळते. असा सरकलेला प्रकाशकण सुमारे एक कोटीत एखादाच असतो. म्हणूनच १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यानंतर या पद्धतीला खरी गती आली. १९३० चे नोबेल पारितोषिक रामन यांना मिळाले ते याच कार्याबद्दल.

धारवाडच्या वाचकाला हे समजण्यासाठी दूर जावयास नको. तबल्याच्या शाईमुळे त्या कातड्याच्या उपस्वरांत मेळ येतो, हे रामन यांनीच १९२० मध्ये मृदंग व तबला यांच्या अभ्यासातून दाखविले होते. तंबोरा आणि सतार एकाच षड्जात मिळविली तरी जाणत्या कानाला त्या वेगळ्या कळतात; भेद असतो तो मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांच्या समूहात. रेणूंची कंपनेही अशीच असतात. प्रथिनांतील फिनिलॲलनीन या घटकाचे वलय सुमारे १००४ या तरंगसंख्येला आपली खूण देते, मेदाच्या साखळ्या दुसरीकडे देतात, केंद्रकाम्ले तिसरीकडे. अवरक्त किरणांच्या शोषणावरूनही रेणूंची हीच कंपने ओळखता येतात. परंतु पाणी अवरक्त किरण फार शोषते, आणि सजीव ऊतक म्हणजे बरेचसे पाणीच. रामन प्रकीर्णनात पाण्याचा आवाज क्षीण असतो. जिवंत शरीरावरील अभ्यासात रामन पद्धतीला मान मिळाला त्याचे हे एक कारण होय.

हा मान केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. तंबाखू आणि गुटखा यांनी महाराष्ट्र-कर्नाटकातील किती घरे उद्ध्वस्त केली, हे सांगण्याची गरज नाही. तोंडातील पांढऱ्या चट्ट्याचे पुढे काय होणार हे ठरविण्यासाठी आज तेथील ऊतकाचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथे मुरली कृष्ण चिलकपाटी व त्यांचे सहकारी यांनी रुग्णाच्या गालाच्या आतील बाजूस लेसरची नळी टेकवून, काहीही न कापता, रामन वर्णपट घेतले. निरोगी गालाच्या वर्णपटात मेदाच्या खुणा ठळक, तर कर्काच्या गाठीत प्रथिनांच्या खुणा वरचढ असतात असे त्यांना दिसून आले. तंबाखू खाणाऱ्यांच्या वरकरणी निरोगी दिसणाऱ्या गालातही फरक आढळू लागले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही मुखकर्काच्या निदानासाठी अनुस्फुरण व रामन या दोन्ही पद्धतींवर काम झाले आहे.

अनुस्फुरण म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून रेणूने दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे. त्याचे एक उदाहरण शस्त्रक्रियेतील आहे. गळ्यात अवटू ग्रंथीच्या पाठीशी तांदळाच्या दाण्याएवढ्या परावटू ग्रंथी असतात, बहुधा चार. शस्त्रक्रियेत त्या मेदाच्या गोळीसारख्या दिसतात व चुकून काढल्या गेल्यास रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम धोकादायक रीतीने घटते. मुंबई विद्यापीठात भौतिकी शिकून पुढे अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात संशोधन करणाऱ्या अनिता महादेवन-जॅन्सेन यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केले की, सुमारे ७८५ नॅनोमीटरच्या प्रकाशात या ग्रंथी आपोआप, शेजारच्या ऊतकाहून अधिक उजळतात. २०१८ मध्ये या तत्त्वावरील उपकरणास अमेरिकेत मान्यता मिळाली.

येथवर प्रकाशाचे गुणगान झाले. आता दुसरा प्रश्न. रेणू खोटे बोलत नाही हे खरे. परंतु जिवंत शरीरात एक रेणू कधीच एकटा बोलत नाही. हजारो रेणू एकाच वेळी बोलतात आणि आपल्या हाती येतो तो त्यांचा कल्लोळ. त्यातून निष्कर्ष काढावयाचा तर एकच उपाय असतो, तो म्हणजे तुलना. हा वर्णपट निरोगी गालासारखा आहे की रोगट गालासारखा, एवढेच आपण विचारू शकतो. मग निरोगी म्हणजे कोणाचा गाल? तरुणाचा की वृद्धाचा? गालाचा की जिभेचा? इंदूरच्या व खारघरच्या संशोधकांनी या प्रश्नांचाच स्वतंत्रपणे अभ्यास केला, आणि निरोगी तोंडातही जागेप्रमाणे व वयाप्रमाणे वर्णपट बदलतो हे दाखविले. हा फरक लक्षात न घेतल्यास उपकरण वयालाच रोग म्हणू लागेल.

ऑक्सिमीटरची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यावरील ९५ किंवा ९२ हा आकडा केवळ भौतिकीच्या सूत्रातून निघत नाही. दोन प्रकाशांच्या हेलकाव्यांचे गुणोत्तर काढल्यावर ते एका कोष्टकाशी ताडले जाते. आणि ते कोष्टक निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतील रक्त तपासून तयार केलेले असते. ते स्वयंसेवक बहुतांशी एकाच वर्णाचे असतील तर काय होईल? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या वैद्यांनी रुग्णांच्या नोंदी तपासून त्याचे उत्तर दिले. ऑक्सिमीटरने ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा दाखविला असताना रक्तातील प्रत्यक्ष प्रमाण ८८ च्या खाली होते, असे गौरवर्णीयांमध्ये शंभरांत ३.६ वेळा आढळले, तर कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ वेळा. कातडीतील मेलॅनिन या रंगद्रव्याचा हा परिणाम असावा असे मानले जाते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, उत्पादकांनी निरनिराळ्या वर्णांच्या अधिक माणसांवर उपकरणे तपासावीत, असा मार्गदर्शक मसुदा प्रसिद्ध केला. एकाच कुटुंबात गव्हाळ, सावळी आणि काळी माणसे असणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. ‘आकडा ठीक आहे, घरीच राहा’ या एका वाक्यावर कोणाचा तरी जीव टांगलेला असतो.

सूर्याच्या रेषा पाहण्यासाठी आलेला पाहुणा त्या टिपून परत गेला तरी चालते. सूर्य तोच राहतो. माणसाच्या वर्णपटाचे तसे नाही. परदेशी रुग्णालयात घेतलेले वर्णपट भारी यंत्राबरोबर येथे आणले, तर त्या यंत्राची भिंगे व दिवे निर्दोष असूनही त्याचा निर्णय सदोष ठरू शकतो. हुबळीच्या रुग्णाची तुलना हुबळीच्याच निरोगी माणसाशी व्हावी लागते. सुपारी चघळणाऱ्याचा, न चघळणाऱ्याचा, विशीतल्याचा, साठीतल्याचा असा संग्रह संमतीपूर्वक, वर्षानुवर्षे, कंटाळा न करता जमवावा लागतो. हे काम कोणा पाहुण्याच्या पाच व्याख्यानांनी होत नाही; ते गावातल्या माणसांनीच करावयाचे असते. त्यासाठी परंपरा येथे मुळीच नाही असेही नव्हे. मुंबईच्या विज्ञान संस्थेत रेणूंच्या पट्टवर्णपटांवर कार्य केलेले प्रा. एन. आर. तावडे पुढे कर्नाटक विद्यापीठात आले आणि साठच्या दशकात धारवाडहून या विषयावरील शोधनिबंध प्रसिद्ध होऊ लागले. येऊन राहिलेला शिक्षक काय करू शकतो याचे हे उदाहरण आहे.

संग्रह अपुरा असताना बाजार मात्र थांबत नाही. सुई न टोचता रक्तशर्करा सांगणारी घड्याळे व अंगठ्या विकावयास येतात. प्रकाशाने शर्करा मोजण्याचा प्रयत्न अनेक प्रयोगशाळांत गंभीरपणे चालू आहे. परंतु घड्याळाने वा अंगठीने स्वतःहून शर्करा मोजणाऱ्या कोणत्याही साधनास आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या त्याच प्रशासनाला फेब्रुवारी २०२४ मध्ये द्यावा लागला. रक्तातील शर्करेच्या रेणूंची खूण पाण्याच्या आणि प्रथिनांच्या खुणांखाली दबून जाते. मधुमेही माणसाने असल्या आकड्यावर भरवसा ठेवून इन्सुलिनची मात्रा ठरविली, तर त्याची किंमत त्याच्या प्राणाने द्यावी लागेल. तोंडातील चट्ट्याविषयीही हेच म्हटले पाहिजे: प्रकाशाची तपासणी आशादायक आहे, पण ऊतकाचा तुकडा तपासून दिलेला निर्णयच आजही अखेरचा मानला जातो. तो टाळण्यासाठी प्रकाशाचा आधार घेऊ नये.

शिक्षकाने वर्गात काय सांगावे, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. प्रथम काही दाखवावे. पालकाची किंवा तलावकाठच्या गवताची हिरवी पाने थोड्या स्पिरिटमध्ये, विस्तवापासून दूर, खलावीत व गाळून घ्यावीत. तो द्राव उजेडासमोर धरला तर हिरवा दिसतो. अंधारात त्याच्यावर जांभळ्या प्रकाशाची विजेरी टाकली तर रक्तासारखा लाल उजळतो. हरितद्रव्याच्या रेणूने जांभळा प्रकाश घेऊन तांबडा परत दिला. हळद स्पिरिटमध्ये कालवून हाच प्रयोग केल्यास हिरवट पिवळी झळाळी दिसते. मग मुलांना विचारावे की, डोळे झाकून केवळ झळाळीच्या रंगावरून कोणती बाटली कोणाची हे सांगणाऱ्या यंत्राला आधी काय शिकवावे लागेल? कोणीतरी चुणचुणीत मूल म्हणेल, ‘आधी दोन्ही बाटल्या दाखवाव्या लागतील.’ त्यापुढे दोन्ही द्राव एकत्र ओतावेत आणि पुन्हा विचारावे. वैद्यकीय वर्णपटविज्ञानाची सारी अडचण आणि सारी नीती त्या तिसऱ्या बाटलीत आहे. हे सांगताना मराठी मुलाला ‘रेणू’ म्हणावे, कन्नड मुलाला ‘अणु’ म्हणावे, आणि दोघेही एकाच वस्तूविषयी बोलत आहेत याची खात्री करून घ्यावी. शब्दांचे माप जुळले म्हणजे पुढची मापे जुळविणे त्यांना सोपे जाईल.